आवाज गेला म्हणून लगेच विंडोज मारू नका

चिपळूणच्या मावशीचा फोन आला तो निकाल ऐकवायलाच. "कॉम्प्युटर मुका झालाय. दुकानातला मुलगा म्हणतो विंडोज मारावी लागेल, म्हणजे पुसून नव्याने टाकावी लागेल, सहाशे होतील. देऊ का मारायला?"

म्हटलं, "मावशी, थांब जरा. स्पीकरचा आवाज थोडा वाढव, त्याची हिरवी पिन कॉम्प्युटरच्या मागून काढ आणि पिनेचं टोक बोटाने धर. काय ऐकू येतं?"

खुर्ची सरकल्याचा आवाज, थोडा वेळ काही नाही, मग उत्तर. "गुंऽऽ करतंय रे."

म्हणजे स्पीकर चालू होता, त्यातला ॲम्प्लिफायर चालू होता आणि वायरही धड होती. बिघाड पिनेच्या अलीकडे, कॉम्प्युटरच्या बाजूला. एक पैसाही न खर्चता निम्मा शोध संपला होता. उरलेल्या निम्म्याची गोष्ट पुढे येईलच, पण तिचा विंडोजशी काही संबंध निघाला नाही.

इथे जुना डेस्कटॉप म्हणजे साधारण २००७ ते २०१३ च्या दरम्यान घेतलेला, इंटेलच्या जी ३१ किंवा जी ४१ जातीचा बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड), साउंड बोर्डावरच, आधी विंडोज ७ होती आणि मग कोणीतरी १० टाकून दिली, असा घराघरातला कॉम्प्युटर. गाण्याची फाईल प्लेअरमध्ये वाजते, तिथून विंडोजच्या मिक्सरमध्ये, मग ड्रायव्हर (विंडोज आणि साउंड चिप यांच्यातला दुभाषी प्रोग्राम), मग बोर्डावरची साउंड चिप, मागची हिरवी जॅक, वायर, ॲम्प्लिफायर आणि शेवटी स्पीकरचा पडदा, असा आवाजाचा प्रवास असतो. यात कुठेही तुटलं तरी बाहेरून दिसतं एकच, शांतता. नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी गच्चीवरच्या टाकीत डोकावतो, बाथरूमच्या फरशा उखडत नाही. इथेही तेच करायचं. मधल्या एका जागी बघायचं, आवाज इथपर्यंत पोचतोय का, आणि उत्तराप्रमाणे अर्धी बाजू सोडून द्यायची.

आधी स्पीकर, कारण ते सगळ्यात सोपं

बोटाची परीक्षा वर सांगितलीच. हात कोरडे हवेत, आणि स्पीकरच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ही परीक्षा करूच नका, आधी घराचं अर्थिंग दाखवून घ्या. गुंऽऽ आलं नाही तर तीच पिन जुन्या मोबाइलला किंवा टीव्हीच्या हेडफोनच्या भोकाला लावून बघा. तिथेही वाजत नसेल तर कॉम्प्युटर निर्दोष आहे.

आता उलट परीक्षा. साधे इअरफोन कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या जॅकला लावा आणि काहीतरी वाजवा. ऐकू आलं तर बिघाड स्पीकरचा. या दोन परीक्षांना मिळून पाच मिनिटं लागतात, आणि माझ्या अनुभवात बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

२.१ च्या संचात, म्हणजे एक मोठा डबा आणि दोन छोटे स्पीकर, आधी दिवा लागतोय का बघा. लागत नसेल तर ॲडॅप्टर, फ्यूज किंवा मागचं बटण. दिवा लागतो पण एकाच बाजूने आवाज येतो, तर डब्याच्या मागच्या डाव्या-उजव्या पिना आपसात बदला. गप्प बाजू बदलली तर दोष त्या पिनेच्या आधीचा, तोच स्पीकर गप्प राहिला तर स्पीकरचा किंवा त्याच्या वायरचा. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होत असेल आणि मध्येच आवाज जात असेल तर आत कार्बनची पट्टी मळली आहे. स्पीकर बंद करून, प्लग काढून काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा बटणाच्या फटीत मारा आणि ते तीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल घालू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्याच तेलात धूळ बसून चिखल होतो.

डबा उघडायचा झालाच तर प्लग काढून दहा मिनिटं थांबा. आत मोठे कपॅसिटर असतात. त्यांची वरची चकती सपाट न राहता फुगलेली दिसली तर ते बदलायचे. ॲम्प्लिफायरची चिप बहुधा टीडीए २०३० जातीची असते आणि ती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते. पण सोल्डरिंगचा हात नसेल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे द्या, कॉम्प्युटरवाल्याकडे नको. हे काम त्याचं नव्हे.

एक लक्षण मात्र फसवं आहे, त्याच्याकडे नीट लक्ष द्या. गाणं वाजतंय, तबला-पेटी लांबून आल्यासारखी ऐकू येतेय आणि गायक मात्र गायब. ड्रायव्हर बिघडला म्हणून लोक तो तीनतीनदा टाकतात. खरं कारण वायरीत असतं. पिनेच्या मुळाशी ग्राउंडची तार तुटली की डाव्या आणि उजव्या बाजूत जे सारखं आहे ते आपसात कटतं आणि फक्त फरक उरतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच ठेवलेला असतो, म्हणून तोच आधी जातो. मोबाइलचा माइकवाला हेडफोन जुन्या कॉम्प्युटरला लावल्यावरही कधीकधी हेच होतं, कारण त्याच्या पिनेवर तीनऐवजी चार कडी असतात आणि ग्राउंड जागेवर बसत नाही. पिन केसभर बाहेर ओढली आणि गायक परत आला, तर निदान पक्कं.

पिन कुठे लावली आहे

हा मुद्दा छोटा आहे, पण दिवाळीच्या साफसफाईनंतर येणाऱ्या तक्रारी बहुतेक याच्याच. मागच्या जॅकांचे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या पीसी ९९ या मापदंडातून आले. हिरवी स्पीकरची, गुलाबी माइकची, निळी बाहेरून आवाज आत घेण्याची. सहा जॅक असतील तर केशरी, काळी आणि राखाडी ५.१ किंवा ७.१, म्हणजे सहा-आठ स्पीकरच्या संचासाठी. टेबलाखाली वाकून अंधारात हिरवी आणि निळी सहज चुकते. टॉर्च लावून बघा आणि पिन टक् होईपर्यंत दाबा.

हिरवी पट्टी

पिन बरोबर आहे, स्पीकर ठीक आहे, तरी शांतता. आता आवाजाचा प्रवास बरोबर मध्यात तपासायचा. कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड उघडा, त्यातला प्लेबॅक हा टॅब. विंडोज ७ आणि १० मध्ये इथे प्रत्येक उपकरणासमोर एक उभी पट्टी दिसते. गाणं लावून या खिडकीकडे बघा.

पट्टी हिरवी होऊन नाचत असेल तर विंडोज आपलं काम करतेय. प्लेअर, मिक्सर सगळं सुटलं. नाचत नसेल तर आवाज विंडोजच्या आतच अडकलाय. आणि स्पीकर नावाचं उपकरण यादीतच नसेल तर ड्रायव्हर किंवा बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्राम. फॉरमॅट मारण्याआधी ही एवढी एक खिडकी बघितली तरी चालेल.

पट्टी नाचतेय, पण कोणाची? बरेचदा मॉनिटरची. जुना मॉनिटर गेला, नवा घेतला, तो एचडीएमआय वायरीने ग्राफिक कार्डाला जोडला, की विंडोज आवाजही त्याच वायरीतून पाठवू लागते. मॉनिटरमध्ये स्पीकरच नसतात. आवाज जातोय, पण मुक्या डब्यात. यादीत स्पीकर्स किंवा रियलटेक (साउंड चिप बनवणारी कंपनी) असं लिहिलेल्या उपकरणावर राइट क्लिक करून सेट ॲज डिफॉल्ट डिव्हाइस निवडा. ते दिसत नसेल तर मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून शो डिसेबल्ड डिव्हायसेस आणि शो डिस्कनेक्टेड डिव्हायसेस या दोन्हींवर खूण करा. कधीकधी ते बिचारं फक्त डिसेबल होऊन कोपऱ्यात बसलेलं असतं.

पट्टी नाचत नसेल तर:

१. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चित्रावर राइट क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडा. तिथे प्रत्येक प्रोग्रामचा वेगळा आवाज असतो. ब्राउझर एकटाच म्यूट झालेला सापडतो. ब्राउझरचा एखादा टॅबही वेगळा म्यूट होतो, तो टॅबवर राइट क्लिक करून बघायचा.

२. सर्व्हिसेस या यादीत विंडोज ऑडिओ आणि विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर या दोन्ही चालू आणि ऑटोमॅटिक हव्यात. पहिली दुसरीवर अवलंबून असते, म्हणून एंडपॉइंट बिल्डर आधी चालू करा. 'वेग वाढवतो' म्हणून टाकलेल्या एखाद्या प्रोग्रामने त्या बंद केलेल्या असतात.

३. स्पीकर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड या टॅबखाली १६ बिट, ४४१०० किंवा ४८००० हर्ट्झ निवडा आणि टेस्ट दाबा. २४ बिट, १९२००० हर्ट्झ दिसायला भारी, पण जुन्या चिपला पुढच्या ड्रायव्हरबरोबर ते पेलेलच असं नाही. एन्हान्समेंट्सही सगळी बंद करा.

आवाज गेला नाही, पण मध्येच एकदम बारीक होतो, अशी तक्रार असेल तर त्याच साउंडच्या खिडकीत कम्युनिकेशन्स टॅब बघा. कॉल चालू आहे असं विंडोजला वाटलं की ती बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करते. तिथे डू नथिंग निवडा.

एक्सपी अजून चालवत असाल (हिशेबाच्या जुन्या पॅकेजसाठी चालवणारे मला माहीत आहेत), तर ही पट्टी तिथे नाही. व्हॉल्यूम कंट्रोल उघडून वेव्ह नावाचा खटका खाली तर नाही ना आणि त्याखाली म्यूटची खूण नाही ना, एवढं बघा.

ड्रायव्हर

डिव्हाइस मॅनेजर उघडा. साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्सखाली पिवळा त्रिकोण दिसला, किंवा अदर डिव्हायसेसखाली मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर असं अनाथ नाव दिसलं, की ड्रायव्हर हरवलाय. विंडोज ७ वरून १० वर गेलेल्या कॉम्प्युटरमध्ये हे नेहमीचं. बोर्ड बनवणाऱ्याने १० साठी ड्रायव्हर काढलेलाच नसतो.

इथे लोक फुकट ड्रायव्हर अपडेट करून देणारे प्रोग्राम उतरवतात. नका उतरवू. आवाज येवो न येवो, त्यांच्या जाहिराती मात्र नक्की येतात. आधी विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर वापरून बघा. साउंडच्या उपकरणावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, मग ब्राउझ माय कॉम्प्युटर, मग लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट, आणि यादीतून हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस. विंडोज धोक्याची सूचना देईल, येस म्हणा. रियलटेकची रंगीत खिडकी जाते, पण आवाज येतो.

मूळचा ड्रायव्हर हवाच असेल तर आधी चिप कोणती ते शोधा. उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, त्यात हार्डवेअर आयडीज. व्हेन (VEN) या अक्षरांपुढे १०ईसी असेल तर रियलटेक, ११०६ असेल तर व्हाया, ११डी४ असेल तर ॲनालॉग डिव्हायसेस. रियलटेकमध्ये डेव्ह (DEV) पुढचा आकडाच बहुधा चिपचं नाव सांगतो. ०६६२ म्हणजे एएलसी ६६२, ०८८७ म्हणजे एएलसी ८८७. मग बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर वाचून बोर्डाच्या कंपनीच्या पानावरून ड्रायव्हर घ्या. एखाद्या अपडेटनंतर कालपर्यंत चालणारा आवाज गेला असेल तर प्रॉपर्टीजमधलं रोल बॅक ड्रायव्हर हे बटण पुरे.

कॅबिनेट उघडण्याआधी एक पंच

बिघाड विंडोजचा की बोर्डाचा, यावर वाद घालत बसण्यापेक्षा तिसऱ्याला बोलवा. लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती पेन ड्राइव्हवर टाका, कॉम्प्युटर सुरू करताना एफ ८, एफ ११ किंवा एफ १२ दाबून पेन ड्राइव्ह निवडा, आणि काहीही इन्स्टॉल न करता नुसतंच सुरू करा. तिथे आवाज आला तर चिप आणि जॅक ठणठणीत, दोष विंडोजमध्ये. तिथेही नाही आला तर लगेच निकाल देऊ नका. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून अल्सामिक्सर (alsamixer) चालवा. पट्ट्यांच्या खाली एमएम दिसत असेल तर ती वाट बंद आहे, बाणाने तिथे जाऊन एम दाबा. ऑटो-म्यूट नावाचा पर्याय असेल तर तोही बंद करा. तरीही शांतता असेल, मगच पेचकस घ्या.

पुढची जॅक: मावशीचं प्रकरण

मावशीकडे पट्टी नाचत होती, उपकरण बरोबर होतं, मागच्या जॅकला इअरफोन लावला तरी काही नाही. मग तिला कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला इअरफोन लावायला सांगितला. तिथे नाट्यगीत सुरू झालं. दुकानातल्या मुलाने पुढे बघितलंच नव्हतं.

पुढच्या जॅकच्या आत पितळेची बारीक पट्टी असते. पिन आत गेली की ती सरकते आणि चिपला कळतं की हेडफोन लागला. मग चिप मागचे स्पीकर गप्प करते. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटपणात ती पट्टी गंजते, वाकते आणि सरकलेलीच राहते. कॉम्प्युटरच्या मते हेडफोन कायम लावलेला. मागून आवाज कसा येणार?

पहिला उपाय, पुढच्या जॅकमध्ये पिन पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करायची, जमल्यास पिनेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन, कॉम्प्युटर बंद असताना. मावशीने केलं, आवाज आला, चार दिवसांनी परत गेला. दुसरा उपाय, रियलटेकच्या खिडकीत वर उजवीकडच्या पिवळ्या फोल्डरच्या चित्रावर क्लिक करून डिसेबल फ्रंट पॅनेल जॅक डिटेक्शनवर खूण करायची. तिच्याकडे साधा ड्रायव्हर असल्यामुळे ती खिडकीच नव्हती. शेवटी गणपतीला गेलो तेव्हा कॅबिनेट उघडलं.

कॉम्प्युटर बंद करा, मागची मेन वायर काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. उरलेला करंट निघून जातो, आणि अडकलेली साउंड चिप कधीकधी एवढ्यानेच शुद्धीवर येते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा उघडायचा नाही, कोणत्याही कारणाने. बोर्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, मागच्या जॅकांच्या अंगाला, एफ ऑडिओ, एएएफपी किंवा जेएयूडी १ असं काहीतरी छापलेलं नऊ पिनांचं कनेक्शन असतं. कॅबिनेटच्या पुढून आलेली वायर तिथे खोचलेली असते. ती सरळ वर ओढून काढली, कॉम्प्युटर सुरू केला, आणि मागून आवाज आला. आता पुढची जॅक मेली आहे. मावशीला तिची गरज कधीच नव्हती.

दोन सावधगिऱ्या. यूएसबीचं कनेक्शनही नऊ पिनांचंच असतं, फक्त रिकामी जागा वेगळी, ऑडिओमध्ये आठवी आणि यूएसबीमध्ये नववी. परत खोचताना बळजबरी करू नका. यूएसबीच्या पिनेत ५ व्होल्ट असतात, चुकलात तर काहीतरी जळेल. दुसरं, २००४ मध्ये इंटेलचं एचडी ऑडिओ येण्यापूर्वीच्या एसी ९७ बोर्डांवर ही वायर काढली की उलट परिणाम होतो, मागचाही आवाज जातो. तिथे मागच्या जॅककडे जाणारा आवाज पुढच्या जॅकमधून फिरून येतो. वायर काढल्यावर ५-६ आणि ९-१० या पिनांवर जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) लावावे लागतात. जुन्या हार्ड डिस्कवरचे जंपर इथे चालतात.

वायरीच्या टोकाला कधी दोन कनेक्टर असतात, एकावर एचडी ऑडिओ आणि एकावर एसी ९७. एकच लावायचा, आणि बायोसमधली फ्रंट पॅनेल टाइपची निवड त्याच्याशी जुळायला हवी.

बायोस आणि सेल

उपकरण यादीतच नाही आणि लिनक्समध्येही दिसत नाही, तर कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा. इंटिग्रेटेड पेरिफेरल्स किंवा ॲडव्हान्स्डखाली ऑनबोर्ड ऑडिओ, एचडी ऑडिओ किंवा अझालिया असं नाव शोधा. अझालिया हे एचडी ऑडिओचं इंटेलमधलं सांकेतिक नाव, काही बोर्डांनी तेच ठेवलं. ते इनेबल्ड किंवा ऑटो हवं.

केलेला बदल प्लग काढल्यावर परत जात असेल आणि घड्याळही कुठल्यातरी जुन्या सालावर जात असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलाय. तो ३ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदला. सेल संपला की फ्रंट पॅनेल टाइपसुद्धा मूळ पदावर जातो, आणि महिन्यांपूर्वी सुटलेला प्रश्न एका लोडशेडिंगनंतर परत येतो.

चिप गेलीच असेल तर

बायोसमध्ये चालू आहे, विंडोजमध्ये नाही, लिनक्समध्ये नाही. विजांच्या कडकडाटात कॉम्प्युटर चालू राहिला होता का, स्पीकरची पिन लावताना कधी ठिणगी उडाली होती का, ते आठवून बघा. बाकी बोर्ड शाबूत राहून एकटी साउंड चिप जाऊ शकते. ती बदलण्यात अर्थ नाही, आणि त्यासाठी बोर्ड बदलण्यात तर अजिबातच नाही. यूएसबीचं छोटं साउंड कार्ड दोन-तीनशे रुपयांत मिळतं, बोटभर असतं, आणि एक्सपीपासून पुढच्या विंडोजमध्ये वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतं. ते पुढच्या यूएसबीला किंवा हबला न लावता मागच्या यूएसबीला लावा. पुढच्या पोर्टला वीज कमी पडली की आवाज तुटतो, आणि येता-जाता गुडघा लागतो तो वेगळाच. मग प्लेबॅकच्या यादीत त्याला डिफॉल्ट करा, बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ डिसेबल करून टाका, आणि मागच्या हिरव्या जॅकवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, नाहीतर पुढच्या दिवाळीला साफसफाई करणारा पिन परत तिथेच घालेल.